डब्याचा दिवस

बांधकाम खात्यावर तिसऱ्यांदा छापा पडला, तेव्हाही टेबलं चकचकीत होती.

नकाशे ठेवायच्या लांब खोलीत एरवी ठेकेदार दाटीवाटीने उभे असतात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. लाचलुचपतविरोधी ब्युरोत येण्याआधी तिची सगळी नोकरी याच खोलीत, बिलं तपासण्यात गेली होती. आज तिथे एकटा शिपाई खिडकीची तावदानं पुसत होता. खणांना कुलूप नव्हतं. आत पेन्सिली, टाचण्या आणि कोणाची तरी डोकेदुखीची गोळी. मोजमापाच्या फायली इतक्या नीट लावलेल्या की हात लावायला संकोच वाटावा.

खात्याचे मुख्य अभियंता दारातच उभे होते. सगळं खातं त्यांना थोरले साहेब म्हणे आणि त्यांच्या हाताखालच्या उपमुख्य अभियंत्यांना धाकटे साहेब.

"या, या! घरचीच माणसं," थोरले साहेब तिच्याकडे बघत म्हणाले. "चहा सांगू?" मग स्वतःच कपाळाला हात लावला. "अरे हो, तुम्ही आमच्याकडचं पाणीसुद्धा घेत नाही. वय झालं हो, विसरायला होतं."

मागे धाकटे साहेब मनापासून हसले.

तो नियम ब्युरोच्या पहिल्या संचालकांनी घातला होता आणि ब्युरोला त्याचा भारी अभिमान होता. ज्या कचेरीवर छापा, तिथला घोटभर चहाही घ्यायचा नाही. झडती दिवसभर चालायची, म्हणून पथकाबरोबर जेवणाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या जात. दुपारी सगळे व्हरांड्यात ओळीने बसून डबे उघडायचे. बघणाऱ्याला वाटावं, सहल आली आहे.

त्या दिवशीही सहल जेवली, कागदांच्या दोन पिशव्या उगाच सोबत घेतल्या आणि परत निघाली.

गाडीत तिच्या शेजारी फौजदार बसला होता. पोलिसातून ब्युरोत आलेला, अंगाने आडवा, बोलायला सरळ.

"मॅडम, एक विचारू? राग मानायचा नाही."

"विचारा."

"आपण येणार हे तुमच्या माहेरच्यांना आधी कळतं कसं?"

पुढच्या सीटवर कोणीतरी खोकलं. ब्युरोत मूळ खात्याला माहेर म्हणायची पद्धत होती, कारण ब्युरोचं स्वतःचं असं माणूस जवळजवळ नव्हतंच. सगळे कुठून ना कुठून प्रतिनियुक्तीवर आलेले. फौजदाराचं माहेर पोलीस, हिशेबनिसाचं विक्रीकर, तिचं बांधकाम.

"मलाही तेच कळत नाहीये," ती म्हणाली.

"तसं नाही हो, मी आपलं सहज..." फौजदार खिडकीबाहेर बघायला लागला.

संध्याकाळी संचालकांनी बोलावलं. गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी आधी दार लावलं, मग पंखा कमी केला, म्हणजे बातमी वाईट होती.

"मंत्रालयातून फोन होता. तुमची मुदत महिनाअखेरीला संपते. वाढवून हवी तर मी कारण द्यायचं. त्यांनी मला उलट विचारलं, बातमी फुटतेय ती बाईंमुळेच ना?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघतो." ते थोडे ओशाळले. "काय बोलणार? तीन वेळा गेलो, तीन वेळा हात हलवत आलो. तुमच्या जागी मी असतो तर तुम्हीही माझ्यावरच संशय घेतला असता."

ते खरं होतं. महिनाअखेरीला तिने परत जायचं, ते थोरल्या साहेबांच्याच हाताखाली. ज्यांचे खण तिने तीनदा उघडले त्यांनी तिचा वार्षिक शेरा लिहायचा. तिला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त तिला एक प्रश्न छळत होता. पथकाला कुठे जायचं हे गाडीत बसल्यावर कळतं. त्याआधी ते फक्त तिला आणि संचालकांना ठाऊक असतं. तिने सांगितलं नव्हतं. संचालक सांगणार नाहीत. मग?

घरी सासूबाई तिची वाटच बघत होत्या. चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

"झालं गं एकदाचं! घरावर माझं नाव लागलं!"

सासरे गेल्यापासून नगरपालिकेच्या मिळकत खिडकीवर त्यांचे हेलपाटे चालले होते. कधी साहेब दौऱ्यावर, कधी शिक्का सापडत नाही, कधी नुसतंच "बघू आजी, काय करता येतंय ते," आणि त्या 'काय'वर दिलेला जोर. सूनबाई ब्युरोत आहे हे तिथे सांगायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती आणि सासूबाईंनी ती कुरकुरत पाळली होती.

"आज बरं केलं त्यांनी?"

"गेले, कागद दिला, खुर्चीवर बसा म्हणाले, शिक्का मारला, संपलं. वर 'आजी, जपून जा' म्हणाला तो मेला. आज डब्याचा दिवस होता ना."

"कसला दिवस?"

"डब्याचा." सासूबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आता हे तू मला विचारतेस?"

तिने पर्स खाली ठेवली आणि समोर बसली. "आई, नीट सांगा. मला खरंच माहीत नाही."

"बाई गं! अख्ख्या बागेला माहीत आहे." बाग म्हणजे सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा त्यांचा कंपू. "तळमजल्यावरच्या काकूंचा जावई नगरपालिकेच्या उपाहारगृहात आहे. त्याला आदल्या संध्याकाळी सांगावा येतो, झाकणाचे डबे असतील तेवढे पाठवून द्या. मग काकू आम्हाला सांगतात, उद्या डब्याचा दिवस. त्या दिवशी कुठल्याही कचेरीत जा, काम फुकट. कोणी काही मागत नाही. पाणी देतात, पाणी! गेल्या वेळी आमच्यातल्या दोघींचे नळजोड झाले."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"मला काय वाटलं, तुमच्याच ऑफिसने सुरू केलंय. लोकांची कामं व्हावीत म्हणून. म्हटलं, चांगलं करतायत, कशाला टोकायचं? तुला तर ऑफिसचं काही विचारलेलं आवडत नाही."

ती हसायला लागली. आधी तिला स्वतःलाच कळेना की का हसतेय. थोरल्या साहेबांना कोणी फितूर नव्हतंच. छापा त्यांच्यावर आहे हे त्यांना कळत नव्हतं, आज कुठेतरी छापा आहे एवढंच कळत होतं. आणि ते सगळ्यांनाच कळत होतं. त्या दिवशी सबंध शहर सरळ वागत होतं, आणि ती एका खोलीची टेबलं बघून चक्रावत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ब्युरोच्या उपाहारगृहाच्या खिडकीवर उभी राहिली. ब्युरोचं जेवण मंत्रालयाच्या मोठ्या स्वयंपाकघरातून येई, तसंच सगळ्याच सरकारी कचेऱ्यांचं. ठेका एकच, मंत्रालयाने दिलेला.

"छाप्याचे डबे कुठून येतात हो?" तिने व्यवस्थापकाला विचारलं.

"आपल्या मोठ्या किचनमधून. का मॅडम, काल काही गार होतं का?"

"नाही, छान होतं. इतके झाकणाचे डबे असतात तिकडे?"

"कुठले असायला? रोज तर ताटं लागतात. तुमची ऑर्डर आली की आम्ही सगळ्या कचेऱ्यांतून मागवतो. तुमच्या बांधकामचे डबे एक नंबर, घट्ट बसतात. नगरपालिकेचे गळके." त्याने विषय निघाला म्हणून बोलून घेतलं. "एक सांगाल का वर? परत पाठवताना धुऊन पाठवा. बाकीचे लोक नावं ठेवतात."

म्हणजे गेल्या तिन्ही वेळा ती थोरल्या साहेबांच्याच डब्यातून, त्यांच्याच व्हरांड्यात बसून जेवली होती.

संचालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"त्यांच्या घोटभर चहाला नको म्हणायचं," ते म्हणाले, "म्हणून हे डबे."

"हो सर."

"आणि मी गेल्या वर्षी त्या नियमावर भाषण केलं. परिषदेत." "माणसं उसनी आहेत हे मला ठाऊक होतं. गाड्याही मंत्रालयाच्या आहेत, तेही. जेवणाकडे लक्ष गेलं नाही."

"किचन बदलता येईल?"

"मंत्रालयाला लेखी विचारावं लागेल. कारणासकट." ते कारण लेखी गेलं की तेही डब्यांसारखं सगळीकडे पोचणार, हे बोलून दाखवायची गरज नव्हती.

मग तिनेच सुचवलं. मंगळवारसाठी डबे मागवायचे आणि कुठेही जायचं नाही. बुधवारी डबे मागवायचे नाहीत, गाडीही मागवायची नाही. बांधकाम खातं दोन गल्ल्या पलीकडे आहे. चालत जायचं.

"आणि नियम?"

"नियम तसाच. तिथलं काही घ्यायचं नाही. उपाशी राहायचं."

मंगळवारी पथक ब्युरोतच बसून जेवलं. फौजदाराने दोन डबे संपवले आणि विचारलं, "छापा आपल्यावरच आहे का?"

सकाळी बाहेर पडताना सासूबाईंनी तिला दारातच गाठलं होतं. "आज डब्याचा दिवस आहे म्हणे. काकू सांगत होत्या. पुढचा कधी गं? एकीच्या मुलाचा परवाना अडकलाय."

"आई, ते मी सांगू शकत नाही."

"तळमजल्यावरच्या काकूंना कळतं आणि माझ्या घरात सून असून मला कळत नाही. छान!"

"तिला आजच जायला सांगा." इतकं बोलून ती थबकली. हेही बोलायला हवं होतं का, याचा ती बसस्टॉपपर्यंत विचार करत राहिली.

बुधवारी ऑफिस सुरू झाल्यावर संचालकांनी पथकाला जिन्यात गोळा केलं आणि चालायला लावलं. दोघादोघांनी, वेगवेगळ्या बाजूंनी.

"डबे?" फौजदार कुजबुजला.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे? मॅडम, मला शुगर आहे!"

"खिशात बिस्किटं ठेवा. चला."

नकाशांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काल एक दिवस सगळं तुंबल्यामुळे आज दुप्पट गर्दी होती. ठेकेदार हातात फायली घेऊन रांगेत उभे. रांग थोरल्या साहेबांच्या या खोलीतल्या टेबलाशी न जाता बाजूच्या नकाशांच्या कपाटाशी जात होती. तिथे प्रत्येक जण सगळ्यात खालचा रुंद खण ओढायचा, पाकीट आत टाकायचा, खण लोटायचा आणि मग फाईल टेबलावर ठेवायचा. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शिस्त अशी की ती क्षणभर बघतच राहिली. इतकी वर्षं ती पलीकडच्या कोपऱ्यात पाठ करून बसायची. खण सरकल्याचे आवाज रोज ऐकायची आणि तिला वाटायचं, नकाशे काढतायत.

पुढचा ठेकेदार खणाकडे वाकला तो फौजदाराने त्याचं मनगट धरलं. "राहू दे. मी टाकतो."

थोरले साहेब उठून उभे राहिले. आधी त्यांची नजर व्हरांड्याकडे गेली, मग पथकाच्या रिकाम्या हातांकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फसवणूक झालेल्या माणसाचं निव्वळ आश्चर्य होतं.

"पण काल होतं ना?" ते म्हणाले.

झडती दिवसभर चालली. कोणी काही खाल्लं नाही. फौजदाराने बिस्किटं मात्र खाल्ली, व्हरांड्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून.

थोरले साहेब निलंबित झाले. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, ब्युरोत एकमेकांना टाळ्या दिल्या गेल्या, फौजदार तिला म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीचं मनात ठेवू नका." ती म्हणाली, ठेवलं नाही. ते बरंचसं खरं होतं.

आठवड्याच्या आत मंत्रालयाचा आदेश आला. प्रशासकीय कारणास्तव तिची प्रतिनियुक्ती वाढवता येत नाही.

"फितूर असल्याचा संशय होता तेव्हा परत पाठवत होते," ती संचालकांना म्हणाली. "आता तो फिटला, तरी परत पाठवतायत?"

"आता तर जास्तच घाईने." त्यांनी एक कोरा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "एक वाट आहे. तुम्हाला ब्युरोत कायमचं घेता येतं. तो अधिकार अजून माझा आहे. फक्त मूळ खात्याची ना-हरकत लागते."

"म्हणजे ज्यांना आपण धरलं, त्यांची?"

"ते निलंबित आहेत. सही आता धाकट्या साहेबांची."

धाकटे साहेब थोरल्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्याच खुर्चीत बसले होते. खुर्चीवरचा टॉवेल नवीन होता. तिला बघून ते उठले, बसायला सांगितलं, चहाचं विचारलंच नाही.

"ना-हरकत ना? अहो, आनंदाने. खरं सांगू का, तुम्ही तिकडे राहिलात तर आम्हालाही बरंच आहे." ते हसले. अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "चांगली माणसं अडवू नयेत. मी तर कधीच कोणाला अडवलं नाही."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"एक कुतूहल आहे. सगळ्या खात्याला आहे म्हणा ना. मंगळवारी डबे गेले, बुधवारी तुम्ही आलात. आता पुढे असंच ठेवणार का? डब्याच्या दुसऱ्या दिवशी? की आणखी काही ठरलंय?"

त्यांचा आवाज अगदी साधा होता, शेजाऱ्याने पावसाबद्दल विचारावं तसा. हा माणूस आपल्याकडे काय मागतोय, हे त्याला कळत असेल का? तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"साहेब, हे सांगितलं तरच सही का?"

"छे, छे! असं कुठे म्हणालो मी?" पेन मात्र हललं नाही. "मी तुमचं एक काम करतोय, तुम्ही माझं एक समाधान करायचं. पैसे थोडेच मागतोय?"

एक वाक्य पुरलं असतं. 'अजून ठरलं नाही' एवढंही चाललं असतं कदाचित, आणि ते खोटंही नव्हतं. पण तेवढं सांगितलं की पुढच्या वेळी ते थोडं अधिक विचारणार होते, आणि तिची नोकरी त्यांच्या सहीवर उभी असणार होती.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"काही घाई नाही. विचार करा." त्यांनी टोपण लावलं आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला, सगळ्यात खाली. "तुमचा अर्ज सुरक्षित आहे."

संचालकांनी ऐकून मान हलवली. "काहीतरी खोटं सांगून टाकायचं होतं."

"सुचलं नाही, सर."

"मलाही सुचलं नसतं," ते म्हणाले. मग त्यांनी तिला विचारलं, ही मागणी लेखी देणार का? गुन्हा होईल असं वाटत नाही, मंत्रालय हसेल. पण नोंद राहील. तिने तिथेच बसून लिहून दिलं.

महिना संपला तशी ती बांधकाम खात्यात हजर झाली. सकाळी निघताना सासूबाई म्हणाल्या, "आता आमचा डब्याचा दिवस राहिला नाही वाटतं." काकूंच्या जावयाकडे डबे मागायचे बंद झाले होते. ब्युरोची माणसं आता घरून आणत होती, रोज, छापा असो वा नसो.

नकाशांच्या खोलीत तिचं जुनं टेबल तिला मिळालं. सगळे आदराने उठून उभे राहिले आणि बराच वेळ खाली बसले नाहीत. शिपायाने न सांगता खिडकी उघडली. शेजारच्या टेबलावरचा लेखनिक तिच्या पिशवीकडे बघत होता, मग टेबलाखाली, मग छताच्या पंख्याकडे. तिला आधी उमगलं नाही. दुपारी धाकटे साहेब स्वतः खोलीत आले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. बदली खरीच आहे ना?"

"आदेश तुमच्याकडे आला असेल ना, साहेब."

"आदेश आलाय हो. आदेशाचं काय?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिला खरोखर परत पाठवलंय, यावर या इमारतीत एकाचाही विश्वास नव्हता. ब्युरोने इतकं मोठं माणूस धरलं आणि धरणाऱ्या बाईलाच घरी पाठवलं, असं कुठे होतं का? नक्की काहीतरी डाव असणार. ही बाई इथे पेरली आहे.

खरं काय ते सांगून टाकणं सोपं होतं. आपल्याला ब्युरोने सोडलं आहे, आपल्यामागे कोणी नाही. तिने धाकट्या साहेबांकडे पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

ते निघून गेले. थोड्या वेळाने त्यांच्या केबिनचं दार उघडं टाकल्याचा आवाज आला आणि ते दिवसभर उघडंच राहिलं.

संध्याकाळच्या सुमारास एक ठेकेदार फाईल घेऊन आला. सवयीने कपाटाकडे वळला, तिला पाहिलं आणि वाटेत थांबला. त्याचा एक हात कोटाच्या खिशात होता.

"बिल आहे का?" तिने विचारलं.

"हो मॅडम. रस्त्याचं."

"मग इकडे आणा."

त्याने खिशातला हात बाहेर काढला. रिकामा होता. त्याने दोन्ही हातांनी फाईल तिच्या टेबलावर ठेवली आणि मागे सरून उभा राहिला, आता काय होतं ते बघत. तीही बघत होती. हे किती दिवस टिकेल, याचा तिला काहीच अंदाज नव्हता. तिने फाईल उघडली आणि पहिल्या पानावरची मोजमापं वाचायला घेतली.